वजनाचा हिशेब : विद्युत् मोटर-ग्लायडरची जडणघडण

विजेवर उडणारे विमान ही एकविसाव्या शतकाची नवलाई आहे, असा समज अलीकडे सुशिक्षितांतही दृढ झालेला दिसतो. लिथियमच्या बॅटऱ्या आल्या, विजेवरच्या गाड्या रस्त्यावर धावू लागल्या आणि त्यांच्या मागोमाग विमानेही आली, अशी ही सरळसोट कथा. या कथेत सारे श्रेय रसायनशास्त्राच्या पदरात पडते. आमचे मत निराळे आहे. विजेला आकाशात पहिली जागा मिळाली ती ग्लायडर बांधणाऱ्यांच्या कार्यशाळेत, लिथियमची बॅटरी बाजारात येण्याच्या १८ वर्षे आधी. आणि ती मिळाली याचे कारण बॅटरी चांगली होती हे नसून ग्लायडर चांगला होता, हे आहे.

दिनांक २१ ऑक्टोबर १९७३. ऑस्ट्रियातील लिंत्सजवळच्या वेल्स येथील विमानतळावरून एक लहानसे यंत्र स्वतःच्या बळावर उठले, सुमारे नऊ मिनिटे हवेत राहिले, ३०० मीटरच्या वर चढले आणि उतरले. यंत्राचे नाव एमबी-ई१. वैमानिक हाइनो ब्रडिट्श्का. नावातला ‘एम’ फ्रेड मिलित्की यांचा, ‘बी’ ब्रडिट्श्का यांचा आणि ‘ई’ विजेचा. माणसाला घेऊन विजेच्या बळावर जमिनीवरून उठलेले पंखांचे हे पहिले विमान होय. या उड्डाणाच्या चारच दिवस आधी अरब राष्ट्रांनी तेलकोंडी जाहीर केली होती आणि जगभर पेट्रोलची चिंता सुरू झाली होती. त्यामुळे हे यंत्र तेलटंचाईचे अपत्य आहे असे कोणासही वाटावे. पण तो निव्वळ योगायोग. मिलित्की यांचा ध्यास त्याहून पुष्कळ जुना होता.

पंखांच्या विमानाचा असा आग्रहपूर्वक उल्लेख करण्याचे कारण, फुग्याच्या विमानाला वीज फार आधी लाभली होती. पॅरिसच्या तिसांदिए बंधूंनी ऑक्टोबर १८८३ मध्ये सीमेन्सची दीड अश्वशक्तीची मोटर लावून आपले हवाई जहाज उडवले. पुढच्याच वर्षी, ९ ऑगस्ट १८८४ रोजी, रनार आणि क्रेब्स या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यांचे ‘ला फ्रान्स’ हे ५० मीटरांहून लांब जहाज ८ किलोमीटरांचा फेरा २३ मिनिटांत पुरा करून निघाल्या जागी परत आले. हवेत सुकाणू चालवून परत आलेले ते पहिले यान. त्यातील विद्युत् घटांचे वजन ४०० किलोंहून अधिक होते. पण हायड्रोजनने भरलेल्या फुग्याला ते पेलण्याची अडचण नव्हती. वजन उचलण्याचे काम वायू करी, मोटरीने फक्त ढकलायचे. पंखांच्या विमानात मात्र दोन्ही कामे मोटरीच्या गळ्यात पडतात. राइट बंधूंनंतर पेट्रोल इंजिनाने जी झेप घेतली तीपुढे वीज सत्तर वर्षे मागे पडली.

ती का मागे पडली, हे आकड्यांशिवाय कळणार नाही. साहित्यसंस्थेच्या पत्रिकेत आकडेमोड रुक्ष वाटेल, परंतु या इतिहासाचे मर्म तीतच आहे. सेस्ना १५० हे शिकाऊ वैमानिकांचे जुने, दोन आसनी विमान. त्याचे इंजिन १०० अश्वशक्तीचे आणि भरलेले वजन सुमारे ७२५ किलो. ते तासभर उडवायचे तर ढोबळ मानाने ५५ युनिट वीज लागेल. युनिट म्हणजे आपल्या घरच्या वीजबिलावर छापलेले तेच युनिट. सत्तरच्या दशकातील निकेल-कॅडमियम बॅटरी किलोमागे जेमतेम ४० वॅट-तास साठवी. म्हणजे त्या एका तासासाठी जवळजवळ १४०० किलो बॅटरी वाहावी लागती. विमानाच्या वजनाच्या दुप्पट! बॅटरी वाढवावी तर वजन वाढते, वजन वाढले की अधिक वीज लागते, आणि ती हवी म्हणून पुन्हा बॅटरी वाढवावी लागते. शिवाय पेट्रोल जळून हलके होत जाते; बॅटरी उतरतानाही तितकीच जड असते.

आता एक हलका, एक आसनी ग्लायडर घेऊ. वैमानिकासह वजन २५० किलो. शांत हवेत असा ग्लायडर सेकंदाला साधारण ०.७ मीटर या वेगाने खाली येत असतो. त्याची उंची कायम राखायची तर या घसरणीची भरपाई करायची, एवढेच, त्यास १.७ किलोवॅट पुरतात. घरातील पाणी तापवण्याच्या गीझरलाही बहुधा याहून अधिक वीज लागते. त्याला सेकंदाला दीड मीटर वर चढवायचे असेल तर आणखी ३.७ किलोवॅट. मोटर आणि पंखा यांच्यात वाया जाणारा भाग धरून बॅटरीतून साडेआठ किलोवॅटांच्या आतच मागणी येते. ६०० मीटर उंची गाठण्यास सुमारे सात मिनिटे लागतील आणि वीज खर्च होईल एक युनिटाहूनही कमी. त्या काळच्या निकेल-कॅडमियममध्ये हे २५ किलोंच्या आसपास बसते. आजच्या लिथियममध्ये सहा-सात किलोंत. पेट्रोलला यासाठी अर्ध्या लिटराच्या आतबाहेर पुरते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ऊर्जेच्या साठ्यात पेट्रोलची बरोबरी आजही कोणी करीत नाही.

आणि ६०० मीटरांवर गेल्यानंतर? पुढचे काम सूर्य करतो. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारे ऊष्ण हवेचे स्तंभ घारीला जसे पंख न हलवता तासन् तास वर ठेवतात तसेच ते ग्लायडरलाही ठेवतात. मोटर लागते ती केवळ पहिल्या स्तंभापर्यंत पोहोचण्यास. पुण्याजवळच्या हडपसर येथे ज्यांनी ग्लायडर पाहिले असतील त्यांना विंचच्या तारेने ओढून वर फेकण्याची रीत आठवेल; ती तार, तो विंच आणि तो चालवणारा माणूस यांची जागा सात मिनिटांची मोटर घेते. काही मिनिटांचीच शक्ती पुरेशी असलेले दुसरे माणसाचे विमान नाही. बॅटरीची सर्वांत मोठी उणीव जेथे उणीव ठरत नाही असे हे एकच यंत्र होते.

ग्लायडर इतका गुणी कसा झाला, याची कथा स्वतंत्र लेखाची आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनाच्या विमानांवर बंधने आणली, आणि तेथील तरुण इंजिनावाचून उडू लागले. १९२० पासून ऱ्होन डोंगरातील वासरकुप्पे या माथ्यावर दरवर्षी स्पर्धा भरू लागल्या. विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी स्वतः ग्लायडर आखायचे, बांधायचे आणि उडवायचे अशी परंपरा पडली. १९५७ मध्ये श्टुटगार्टच्या विद्यार्थी-मंडळाचा ‘फिनिक्स’ हा काचतंतूंचा पहिला ग्लायडर उडाला आणि लाकूड-कापडाचे युग मावळू लागले. काचतंतूंमुळे पंख लांब, अरुंद आणि आरशासारखे गुळगुळीत करता आले. घसरणीचा वेग कमी होत गेला. विजेचा विचार कोणी करीत नव्हते, पण विजेची वाट या मंडळींनीच तयार करून ठेवली होती.

मिलित्की याच वातावरणातले. श्टुटगार्टजवळच्या किर्शहाइम उंटर टेक या गावी ग्राउप्नर नावाचा खेळातील विमानांचा प्रसिद्ध कारखाना होता. तेथे ते काम करीत. ग्लायडर बांधणारी शेम्प-हिर्थ ही नामांकित कंपनीही त्याच गावची. साठच्या दशकाच्या प्रारंभी मिलित्की यांचे ‘सिलेंटियुस’ हे विजेवर उडणारे खेळातील विमान विक्रीस आले. त्यात इवलीशी मोटर होती, तिचे फेरे दातेरी चाकांनी कमी करून मोठा पंखा सावकाश फिरवला जाई. मोठा पंखा सावकाश फिरवणे हे सूत्र लहान खोक्यात सामावलेले असले तरी पुढच्या साऱ्या यंत्रांचा पाया तेच आहे. पंखा पुष्कळ हवेला थोडा वेग देतो तेव्हा वाया कमी जाते. थोड्या हवेला पुष्कळ वेग देऊ लागला की आवाज वाढतो आणि वीज नासते. खेळण्यांच्या कारखान्यातला माणूस म्हणून इतिहासकारांनी मिलित्कींची दखल दोन ओळींत संपवावी, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही. जेथे चूक झाली तर कोणाचा जीव जात नाही आणि ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब रोज करावा लागतो, अशा जागी शिकलेले तंत्र त्यांनी माणसाच्या विमानात नेले.

ब्रडिट्श्का यांचा कारखाना लिंत्सजवळ होता आणि तेथे एचबी-३ नावाचा १२ मीटर पंखांचा मोटर-ग्लायडर तयार होत असे. त्याची मांडणी मोठी चमत्कारिक होती. पंखा वैमानिकाच्या पाठीमागे आणि शेपटीला धरून ठेवणारा दांडा त्या पंख्याच्या मध्यातून मागे गेलेला. पेट्रोलचे इंजिन उतरवून त्या जागी बॉशची ८ ते १० किलोवॅटांची मोटर बसवण्यात आली आणि निकेल-कॅडमियम बॅटऱ्या भरण्यात आल्या. भरलेले वजन ४४० किलो झाले. मिनिटाला ४० मीटरांच्या आसपास चढणे म्हणजे फार नव्हे. आधीच्या परिच्छेदातले गणित लावून पाहिले तर एवढ्या वजनाला एवढ्या मोटरीने याहून अधिक चढता येणे शक्यच नव्हते. यंत्राने आपल्या कुवतीचा शेवटचा थेंब वापरला असे म्हणता येईल. त्या यंत्राची मालिका निघाली नाही, आणि त्यानंतर काही वर्षे या दिशेने फारसे काही घडले नाही.

पुढचे पाऊल अमेरिकेत पडले, तेही अगदी वेगळ्या बाजूने. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातील लॅरी मॉरो यांनी ‘ईझी रायझर’ या दुपंखी हँग ग्लायडरला विजेची मोटर लावून वरच्या पंखावर सौरघट बसवले. दीडेक तास उन्हात उभे ठेवावे तेव्हा बॅटरी चार-पाच मिनिटांपुरती भरे. आमच्या वाचनात या उड्डाणाला पुष्कळदा ‘पहिले सौरविमान’ म्हटलेले आढळते. वास्तविक ते सूर्याने भरलेल्या बॅटरीचे उड्डाण होते. बॅटरी अजिबात न ठेवता केवळ उन्हावर उडण्याचा मान पॉल मॅक्रेडी यांच्या यंत्रांचा. मॅक्रेडी हे १९५६ चे ग्लायडिंगचे जगज्जेते, हे येथे मुद्दाम सांगायला हवे. त्यांचे ‘सोलर चॅलेंजर’ हे १६,१२८ सौरघटांचे विमान ७ जुलै १९८१ रोजी पॅरिसजवळून निघाले आणि स्टीफन प्टासेक यांनी ते २६२ किलोमीटर उडवून ५ तास २३ मिनिटांनी इंग्लंडमधील मॅन्स्टन येथे उतरवले. ढगांच्या मर्जीवर चाललेले असे उड्डाण सामान्य हौशी वैमानिकाच्या उपयोगाचे नव्हते, पण अडीच-तीन किलोवॅटांत माणूस इंग्लिश खाडी ओलांडू शकतो, हे त्याने दाखवून दिले.

ऐंशीच्या दशकात दोन गोष्टी साधल्या. एक, निओडायमियमचे बलवान चुंबक उपलब्ध झाले आणि मोटर एकाएकी हलकी झाली. दुसरी कायद्यातील. १९८२ मध्ये अमेरिकेने अतिहलक्या विमानांसाठी परवान्यावाचून उडण्याची मुभा देणारा नियम केला : एक आसन, रिकामे वजन २५४ पौंडांच्या आत, म्हणजे सुमारे ११५ किलो, आणि इंधन पाच गॅलनांपर्यंत. युरोपातील देशांनी आपापल्या मर्यादा ठरवल्या. अतिहलका हा शब्द तेव्हापासून वर्णनाचा न राहता कायद्याचा झाला, आणि आखणी करणाऱ्यांच्या डोक्यावर वजनकाटा कायमचा टांगला गेला. स्टॅनफर्डच्या मंडळींनी आखलेला ‘स्विफ्ट’ हा पायांनी धावत जाऊन उडवायचा ग्लायडर १९८९ चा. पुढे त्याच्या हलक्या आवृत्तीला बेल्जियममध्ये विजेची मोटरही बसली. स्वित्झर्लंडच्या रोगर रुपर्ट यांचा ‘आर्किऑप्टेरिक्स’ तर अवघ्या ५४ किलो वजनाचा आहे, आणि त्याचीही विद्युत् आवृत्ती निघाली.

श्टुटगार्टचे नाव पुन्हा येते ते १९९६ मध्ये. उल्म या शहराने सौरविमानाची एक स्पर्धा जाहीर केली होती. स्पर्धेला नाव दिले होते आल्ब्रेख्ट बेर्ब्लिंगर या शिंप्याचे, ज्याने १८११ मध्ये डॅन्यूब नदी उडून ओलांडण्याचा प्रयत्न केला, तो सरळ पाण्यात पडला आणि जन्मभर गावाच्या कुचेष्टेचा विषय झाला. गावाने पावणेदोनशे वर्षांनी केलेली ही परतफेड आम्हांस मोठी मनोज्ञ वाटते. विमानाने मध्यम उन्हातही समपातळीवर उडत राहिले पाहिजे, अशी कडक अट होती. श्टुटगार्ट विद्यापीठाच्या ‘इकारे २’ या २५ मीटर पंखांच्या ग्लायडरने पारितोषिक नेले.

त्याच दशकात आखेनच्या एका लहान कंपनीने इटलीतील ‘सायलेंट’ या १२ मीटर पंखांच्या हलक्या ग्लायडरला विजेची मोटर बसवून तो विक्रीस आणला. मिलित्कींनी जे एकदा करून दाखवले ते आता पैसे मोजून मिळू लागले. १९९९ मध्ये आक्सेल लांगे यांचा ‘अंतारेस’ उडाला आणि २००६ मध्ये त्यास युरोपीय विमानसुरक्षा संस्थेची मान्यता मिळाली. तो अतिहलका नव्हे. २० मीटर पंख, ४२ किलोवॅटांची मोटर आणि पंखांत भरलेल्या लिथियम बॅटऱ्या. एकदा भरला की ३००० मीटरांपर्यंत चढण्याची त्याची शक्ती. स्लोव्हेनियातील आयडोव्श्चिना या छोट्या गावच्या पिपिस्ट्रेल कंपनीने २००७ मध्ये ‘टॉरस इलेक्ट्रो’ हा दोन आसनी ग्लायडर उडवला. या कंपनीचे नाव भारतीय वाचकांना अगदीच परके नाही. वायुदल, नौदल आणि एनसीसी यांच्यासाठी १९४ हलकी विमाने घेण्याचा करार २०१५ मध्ये झाला तो तिच्याशीच, अर्थात ती पेट्रोलची होती.

विजेच्या मोटरीला ग्लायडरवाल्यांनी इतक्या आवडीने का जवळ केले, याचे एक कारण पुस्तकांत फारसे सापडत नाही आणि धावपट्टीवर सर्वांना ठाऊक असते. पेट्रोलचे इंजिन ग्लायडरच्या पाठीतून खांबासकट वर काढावे लागते. खांब वर आला की हवेचा अडथळा वाढतो आणि ग्लायडर झपाट्याने खाली येऊ लागतो. नेमक्या त्या क्षणी, थंड पडलेले, तास दोन तास न वापरलेले इंजिन सुरू व्हायचे असते. ते सुरू झाले नाही तर खाली शेत निवडण्यास आधी होता तेवढा वेळ उरत नाही. ‘इंजिन आहे’ या भरवशावर उंची दवडणारा वैमानिक इंजिन नसलेल्यापेक्षा अधिक धोक्यात असतो, असे जाणते शिक्षक सांगत आले आहेत. विजेची मोटर कळ दाबताच फिरते. उंचावरच्या विरळ हवेत तिची शक्ती घटत नाही. आणि बंद केल्यावर ती निवेपर्यंत खांब बाहेर ठेवून थांबावे लागत नाही. अलीकडे तर खांबही गेला. स्लोव्हेनियाच्याच लुका झ्निदार्शिच यांनी ग्लायडरच्या नाकावर बसवलेला पंखा आणला. मोटर थांबली की त्याची पाती नाकाला चिकटून मिटतात.

तथापि लिथियमने नवा धोकाही आणला, आणि त्याविषयी मौन बाळगणे बरे नव्हे. ऑगस्ट २०१७ मध्ये इंग्लंडमधील पारहॅम येथे अशाच एका ग्लायडरच्या बॅटरीने तो उतरल्यावर पेट घेतला. वैमानिक सुखरूप बाहेर पडला. हीच गोष्ट हजार मीटरांवर घडती तर? युरोपीय संस्थेने त्या प्रकारच्या ग्लायडरांची उड्डाणे काही काळ थांबवली. बॅटरी वैमानिकाच्या पाठीशी ठेवावी की पंखांत, तिच्यासाठी आगीला दाद न देणारी पेटी हवी तर तिचे वजन कोठून काढावे, धूर बाहेर कसा न्यावा, हे प्रश्न आखणीच्या मध्यभागी आले. ११५-१२० किलोंच्या यंत्रात दोन किलोंची पेटी म्हणजे थट्टा नव्हे. मिलित्कींच्या निकेल-कॅडमियमला हे भय फारसे नव्हते. जितकी ऊर्जा कोंबून भरावी तितकी ती बाहेर पडण्याची वाट शोधते.

२०११ मध्ये नासाने कॅलिफोर्नियात काटकसरीच्या उड्डाणाची स्पर्धा घेतली. २०० मैल, दोन तासांच्या आत, आणि माणशी एक गॅलन पेट्रोलाइतक्या ऊर्जेत. पिपिस्ट्रेलने दोन ‘टॉरस’ ग्लायडरांची धडे जोडून मध्ये मोटर बसवलेले चार आसनी विमान आणले, सुमारे निम्म्या ऊर्जेत अंतर कापले आणि साडेतेरा लाख डॉलरांचे पारितोषिक जिंकले. दुसरा क्रमांक श्टुटगार्टच्या ‘ई-जीनियस’चा. दोन्ही यंत्रे ग्लायडर बांधणाऱ्यांच्याच हातची. गुजरातेतील आमच्या वाचकांपैकी काहींनी मार्च २०१५ मध्ये अहमदाबादला उतरलेले ‘सोलर इम्पल्स २’ पाहिले असेल. त्याचे ७२ मीटरांचे पंख आणि अवघे २३०० किलो वजन पाहताना तोही एक अवाढव्य मोटर-ग्लायडरच आहे, हे ध्यानी आले असेल किंवा नसेल. त्या वजनात ६३३ किलो बॅटऱ्यांचे होते.

जून २०२० मध्ये पिपिस्ट्रेलच्या ‘वेलिस इलेक्ट्रो’ या दोन आसनी शिकाऊ विमानाला युरोपीय मान्यता मिळाली. ग्लायडर वगळता संपूर्ण विजेवरचे मान्यताप्राप्त असे ते जगातील पहिले विमान. ते ग्लायडर नाही, पंख आखूड आहेत, वजन ६०० किलो. लिथियमच्या तीस वर्षांच्या प्रगतीनंतर ते एका भरणीत उडते सुमारे ५० मिनिटे.